कृष्णविवराच्या क्षितिजाजवळची कणजोडी: ऋण ऊर्जेचाच घटक नेहमी आत का पडतो?

सह्यकडा
हॉकिंग प्रारणाचे जे वर्णन बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते, ते थोडक्यात असे आहे. निर्वात म्हणजे पूर्णपणे रिकामी जागा नव्हे. तेथे कण आणि प्रतिकण यांच्या जोड्या क्षणभर निर्माण होतात आणि एकमेकांत विलीन होतात. अशी जोडी कृष्णविवराच्या क्षितिजालगत, म्हणजे जिच्या आतून काहीच परत येऊ शकत नाही त्या सीमेलगत, निर्माण झाली, तर तिचा एक घटक आत पडतो आणि दुसरा निसटतो. निसटलेला घटक दूरच्या निरीक्षकाला प्रारण म्हणून दिसतो आणि विवराचे वस्तुमान तेवढ्याने घटते.

माझे घोडे शेवटच्या पायरीवर अडते. आत काही पडल्यावर वस्तुमान वाढायला हवे, घटायला नव्हे. यावर सांगितले जाते की आत पडणाऱ्या घटकाची ऊर्जा ऋण असते. हे मान्य केले, तरी धन ऊर्जेचा घटक आत पडून ऋण ऊर्जेचा बाहेर राहणे तितकेच संभवनीय का नाही? दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे घडत असतील, तर सरासरीने वस्तुमान आहे तेवढेच राहायला हवे. जोडीतील कोणाला आत घ्यायचे याची निवड क्षितिज कशी करते? गणित मला अभियांत्रिकीपुरते कळते; तेवढे गृहीत धरून कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

काजवा
दोघांनी मिळून निर्वाताकडून कर्ज काढले, एक पैसे घेऊन परगावी पळाला आणि हप्ते विवराच्या नावावर चढले, असा हा सरळ व्यवहार दिसतो. जामीनदार कोण होते, एवढेच विचारायचे राहिले आहे.

रात्रपाळी
माझ्या समजुतीप्रमाणे आत पडणारा तो प्रतिकण असतो. विवराच्या आतील द्रव्याशी त्याची गाठ पडली की दोन्ही नष्ट होतात आणि त्यामुळे वस्तुमान कमी होते. सह्यकडा यांच्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे असावे.

गणितवेडा
रात्रपाळी यांचे स्पष्टीकरण मी पूर्वीही अनेकदा ऐकले आहे, आणि ते चुकीचे आहे हे आधीच सांगून टाकावे, कारण एकदा मनात बसले की ते निघत नाही. प्रतिकणाची ऊर्जा ऋण नसते. पॉझिट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाचे, वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच आणि धन असते. तो विवरात टाकला तर विवर जडच होईल. आत द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकमेकांना भेटून नष्ट झाले, तरी त्यातून निघालेली ऊर्जा क्षितिजाच्या आतच राहते आणि बाहेरून मोजलेल्या वस्तुमानात तिळमात्र फरक पडत नाही. शिवाय विद्युतभार नसलेल्या विवरातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सारख्याच प्रमाणात बाहेर पडतात; प्रतिकणांनीच आत जावे असा पक्षपात तेथे नाही.

मुळात सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवरातून इलेक्ट्रॉन निघण्याचा प्रश्नच व्यवहारात उद्भवत नाही. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ सुमारे ६० अब्जांश अंश भरते. एवढ्या थंड वस्तूपाशी इलेक्ट्रॉन घडवण्याइतकी ऊर्जा नसते. तिच्यातून प्रामुख्याने फोटॉन (प्रकाशाचे कण) आणि ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचे मानलेले कण) हेच बाहेर पडणार. फोटॉन हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो, त्यामुळे कण आणि प्रतिकण हा भेद येथे गैरलागू ठरतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. येथे जिला ऊर्जा म्हटले जाते, ती दूरच्या निरीक्षकाच्या हिशेबातील अक्षय्य, म्हणजे काळाबरोबर न बदलणारी, राशी आहे. स्थिर कृष्णविवराच्या बाहेर काळाच्या दिशेने पुढे सरकले तरी भूमिती बदलत नाही, आणि या समरूपतेतून ऊर्जेची अक्षय्यता निघते. क्षितिज ओलांडले की तीच समरूपता शिल्लक राहते, परंतु तिची दिशा आता काळाची नसून अवकाशाची असते. परिणामी, जी राशी बाहेर ऊर्जा होती, ती आत संवेगाच्या एका घटकासारखी वागू लागते. संवेगाला धन आणि ऋण अशा दोन्ही किमती घेण्यास काहीच आडकाठी नाही. म्हणून क्षितिजाच्या आत ऋण किमतीचा खराखुरा, दीर्घकाळ टिकणारा कण असू शकतो, पण बाहेर तसा कण असू शकत नाही. धन ऊर्जेचा घटक आत पडून ऋण ऊर्जेचा बाहेर राहिला, तर त्या बाहेरच्याला कायमचे अस्तित्व नाही. तो चढउतार तेथेच मिटतो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. सह्यकडा यांनी धरलेल्या दोन निम्म्या शक्यतांपैकी एकच वास्तवात उतरू शकते, त्यामुळे क्षितिजाला निवड करावीच लागत नाही.

पोवळे
गणितवेडा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक अडचण मात्र उरते. क्षितिजातून मुक्तपणे खाली पडणाऱ्या निरीक्षकाला तेथे काहीच विशेष जाणवत नाही, असे सापेक्षता सांगते. विवर पुरेसे मोठे असेल, तर भरतीसारखे ताणही क्षितिजापाशी नगण्य असतात. मग त्या निरीक्षकाला शेजारून जाणारा ऋण ऊर्जेचा कण दिसेल काय?

गणितवेडा
दिसणार नाही. तो निरीक्षक स्वतःच्या घड्याळाने आणि मोजपट्टीने जी ऊर्जा मोजेल, ती ऋण असणार नाही. ऋण आहे ती दूर अंतरावरून मांडलेली अक्षय्य राशी, आणि हे दोन हिशेब आतल्या प्रदेशात एकमेकांपासून वेगळे होतात. किंबहुना, त्याला क्षितिजापाशी कणांची जोडी अशी वेगळी काढून दाखवता येईल असे काही भेटतच नाही. जवळपास निर्वातच भेटते.

ध्रुवमत्स्य
चर्चा योग्य वळणावर आली आहे, म्हणून थोडे कठोर बोलतो. जोडीचे हे चित्र गणिताचा अनुवाद नव्हे. तो गणितानंतर चढवलेला पोशाख आहे. हॉकिंग यांचे पहिले टिपण १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले आणि सविस्तर शोधनिबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दुसऱ्या निबंधात त्यांनी स्वतःच बजावले आहे की जोडीचे हे वर्णन केवळ मार्गदर्शक असून त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये. पुढे त्यांच्याच लोकप्रिय लेखनातून तेच चित्र जगभर गेले आणि इशारा मात्र मागे राहिला.

मूळ आकडेमोडीत कोठेही क्षितिजालगत जोडी जन्माला येत नाही. तारा कोसळण्याआधी दूरच्या भूतकाळातून आलेली एक लहर घ्यावी. ती कोसळणाऱ्या ताऱ्याच्या केंद्रातून आरपार जाते आणि क्षितिज तयार होण्याच्या किंचित आधी बाहेर पडते. जितकी उशिरा निघावी, तितकी ती अधिक ताणली जाते, आणि हा ताण घातांकी वेगाने वाढतो. अशा ताणलेल्या लहरीत धन वारंवारतेबरोबर ऋण वारंवारतेचा अंशही मिसळलेला असतो. हे मिश्रण बोगोल्युबोव यांच्या रूपांतरणाने, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या लहरींची सांगड घालणाऱ्या गणिती रीतीने, मोजले की सुरुवातीला जे निर्वात होते, ते शेवटच्या निरीक्षकाला उष्ण वस्तूच्या प्रारणासारखे दिसते. क्षितिजावर उभे राहून कोण आत गेले आणि कोण बाहेर, हे कोणी पाहत नाही.

एक आकडा पाहिला तरी चित्राची मर्यादा ध्यानात येते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर असते. त्याच्या तापमानाला वीन यांचा (तापमानावरून प्रारणाची मुख्य तरंगलांबी सांगणारा) नियम लावला, तर प्रारणाची सर्वाधिक तीव्रता सुमारे ४७ किलोमीटर तरंगलांबीपाशी येते. जी लहर संपूर्ण विवराच्या व्यासाच्या सात-आठ पट लांब आहे, ती ‘क्षितिजालगत जन्मली’ या विधानाला काय अर्थ उरतो?

वाटसरू
म्हणजे जो फोटॉन विवराच्या कडेवरून निसटला म्हणून आपण कौतुक करतो आहोत, त्याची एक लहर साधारण लोणावळ्यापासून पुण्याच्या वेशीपर्यंत पोचेल! आता त्या चित्रातील इवलेसे गोळे पाहून हसू येईल.

शिरीष_फूल
मी एका खगोलप्रेमी मंडळात महिन्यातून एकदा व्याख्यान देते. अकरावीची मुले आणि निवृत्त गृहस्थ एकाच सतरंजीवर बसलेले असतात. तेथे बोगोल्युबोव यांचे नाव काढले, तर पुढच्या महिन्यात मला रिकाम्या सतरंजीशी बोलावे लागेल. ध्रुवमत्स्य यांचा मुद्दा मला पटतो, पण चित्र टाकून द्यायचे असेल तर जागी ठेवायला दुसरे काही तरी द्यावे. नुसते ‘हे खरे नाही’ म्हणणे पुरेसे होत नाही.

ध्रुवमत्स्य
शिरीष_फूल यांची मागणी रास्त आहे. माझ्या मते दुसरे चित्र १९७६ पासून उपलब्ध आहे. डेव्हिस, फुलिंग आणि अनरू यांनी कणांचा विषय बाजूला ठेवून, क्षेत्राच्या ऊर्जेचा प्रवाह ठिकठिकाणी किती आहे, हे एका सोप्या द्विमितीय प्रतिरूपात काढले. दूर अंतरावर धन ऊर्जा बाहेर वाहताना दिसते. क्षितिजापाशी मात्र बाहेर येणारा प्रवाह नसून आत जाणारा ऋण ऊर्जेचा प्रवाह असतो. दोन्हींचा हिशेब तंतोतंत जुळतो. श्रोत्यांना एवढेच सांगावे की विवराभोवतीच्या निर्वाताची अवस्थाच अशी होते की क्षितिजातून आत ऋण ऊर्जा झिरपते आणि दूरवर उष्णता पोचते. सह्यकडा यांच्या ‘कोण आत पडले’ या प्रश्नाला येथे जागाच राहत नाही.

तांबडफुटी
मी थोडा विरोध नोंदवते. ध्रुवमत्स्य यांनी जोडीचे चित्र इतके झोडपले आहे की त्यातील सर्वांत मोलाचा भागही वाहून जाईल. जन्मस्थानाची कथा चुकीची आहे, हे मान्य. परंतु बाहेर गेलेल्या प्रत्येक लहरीला आत एक जोडीदार असतो आणि त्या दोघांत एन्टँगलमेंट असते, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याच्या अवस्थेशी बांधलेली असते, हे गणितातूनच निघते. बाहेरचा निरीक्षक आतल्या जोडीदाराला पाहू शकत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला अर्धी माहिती येते, आणि अर्ध्या माहितीची अवस्था उष्ण प्रारणासारखी दिसते. तापमान येते ते येथून. जोडी काढून टाकली, तर हॉकिंग प्रारण उष्ण का असते याचे उत्तरच हरवते.

याचा प्रत्यक्ष पुरावा आकाशात नसला तरी प्रयोगशाळेत पाहायला मिळतो. अनरू यांनी १९८१ मध्ये दाखवले की ध्वनीपेक्षा अधिक वेगाने वाहणाऱ्या द्रवात ध्वनीसाठीही क्षितिज तयार होते. हैफा येथील टेक्नियॉन संस्थेत जेफ स्टाइनहावर यांनी रुबिडियमच्या अणूंचा निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेला ढग लेझरच्या पकडीत लांबट करून ठेवला. लेझरनेच तयार केलेली ऊर्जेची एक पायरी त्या ढगावरून सरकवली. पायरीच्या एका बाजूला अणू ध्वनीपेक्षा सावकाश वाहतात, दुसऱ्या बाजूला ध्वनीपेक्षा वेगाने. मधली सीमा हेच ध्वनीचे क्षितिज. मग ढगाचे छायाचित्र घ्यायचे. छायाचित्र घेताना ढग नष्ट होतो, म्हणून पुन्हा नवा ढग, पुन्हा पायरी, पुन्हा छायाचित्र. एका छायाचित्रात गोंधळाखेरीज काही दिसत नाही. अनेक छायाचित्रांची सरासरी घेऊन, क्षितिजाच्या बाहेरील एका बिंदूची घनता आणि आतील दुसऱ्या बिंदूची घनता एकाच वेळी किती बदलते, याचा नकाशा काढला की त्यात एक तिरकी रेषा उमटते. क्षितिजापासून दोन्ही बाजूंना, आपापल्या वेगाने दूर जाणाऱ्या जोडीदारांचा तो मागोवा असतो. २०१६ मध्ये त्यांनी एन्टँगलमेंटचा दावा केला, २०१९ मध्ये तापमान अपेक्षेप्रमाणे आल्याचे दाखवले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामासाठी तोच प्रयोग १२४ दिवसांत ९७,००० वेळा केला. ज्या जोडीला येथे पोशाख म्हटले गेले, तिची छाया त्या नकाशात स्पष्ट दिसते.

ध्रुवमत्स्य
तांबडफुटी यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. जोडी म्हणजे दोन लहरींमधील संबंध, असा अर्थ असेल तर माझा आक्षेप नाही. दुसऱ्या परिच्छेदाबाबत एक सावधगिरी बाळगावी लागेल. २०१६ च्या निष्कर्षांवर उल्फ लिओनहार्ट यांनी टीका केली होती, आणि तो वाद बाजूला ठेवला तरी अणूंचा ढग गुरुत्वाचे नियम पाळत नाही. क्षितिज असले की लहरींच्या जोड्या होतात, हे त्यातून दिसते. विवराचे वस्तुमान त्यामुळे घटते काय, याविषयी तो ढग काहीच बोलू शकत नाही, आणि सह्यकडा यांचा प्रश्न नेमका त्याविषयी आहे.

रात्रपाळी
माझ्या स्पष्टीकरणाची उत्तरक्रिया झालेली दिसते, तेव्हा निदान एक प्रश्न विचारण्याचा हक्क मला मिळावा. हे सर्व आकाशात कधी दिसणार आहे की नाही?

गणितवेडा
ताऱ्यांपासून झालेल्या विवरांच्या बाबतीत आशा नाही. विश्वातील पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान सुमारे २.७ केल्विन आहे आणि ही सर्व विवरे त्याहून कितीतरी थंड आहेत, त्यामुळे ती देतात त्याहून अधिक घेतात. आज एखादे विवर खरोखर आटायचे असेल, तर त्याचे वस्तुमान चंद्राच्या साधारण ६० टक्क्यांहून कमी हवे. सूर्याएवढे विवर अगदी एकाकी ठेवले, तरी ते संपायला सुमारे १० चा ६७ वा घात इतकी वर्षे लागतील.

विश्वाच्या आरंभी लहान विवरे तयार झाली असतील, तर गोष्ट निराळी. सुमारे ५० कोटी टन वस्तुमानाचे विवर आकारमानाने प्रोटॉनएवढे असते, आणि अशी विवरे आजच्या सुमारास आपल्या आयुष्याच्या शेवटाला पोचत असायला हवीत. शेवटच्या क्षणी त्यांतून गॅमा किरणांचा स्फोट होईल. फर्मी उपग्रहाने अशा स्फोटांचा शोध घेतला आहे, पण अद्याप एकही हाती लागलेला नाही. एवढ्या तप्त विवरातून मात्र इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भरपूर निघतील. रात्रपाळी यांच्या प्रतिकणांना तेथे काम मिळेल.

वडाची_पारंबी
विषयाला धरून एक जुना दुवा जोडतो. आटत जाणाऱ्या विवराचे वस्तुमान काळानुसार घटते, म्हणून त्याची भूमिती स्थिर धरता येत नाही. अशा वेळी अभ्यासक बहुधा वैद्य यांचे समीकरण वापरतात. प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी ते १९४३ च्या सुमारास, बनारस हिंदू विद्यापीठात विष्णु वासुदेव नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली, प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्यासाठी मांडले होते. त्यात ऋण ऊर्जेचा प्रवाह आत जाऊ दिला की तेच समीकरण आटणाऱ्या विवराला लागू पडते. तीस वर्षांनंतर त्याचा असा उपयोग होईल, हे बनारसमध्ये कोणाच्या ध्यानीमनी नसणार.

दुसरे म्हणजे, पुण्यातील आयुका संस्थेत थानू पद्मनाभन यांनी के. श्रीनिवासन यांच्यासह १९९९ मध्ये दाखवले की क्षितिजापाशी क्रियेच्या (कणाच्या मार्गाला नेमून दिलेल्या एका गणिती राशीच्या) समीकरणात जो काल्पनिक भाग येतो, त्यावरून उत्सर्जनाची संभाव्यता काढता येते. २००० मध्ये मौलिक पारीख आणि फ्रँक विल्चेक यांनी याला पुंजभौतिकीतील टनेलिंगचे, म्हणजे एरवी न ओलांडता येणारा अडथळा कणाने पार करण्याचे, स्वरूप दिले. त्यांच्या मांडणीत कण बाहेर पडताना विवर आक्रसते आणि क्षितिज आत सरकते; ऊर्जेची अक्षय्यता प्रत्येक कणागणिक पाळली जाते. शिरीष_फूल यांना व्याख्यानासाठी हे चित्र अधिक सोयीचे जाईल असे वाटते.

शिरीष_फूल
वडाची_पारंबी, मनःपूर्वक आभार. आक्रसणारे क्षितिज सतरंजीवर नक्की चालेल.

पोवळे
तांबडफुटी यांनी आतल्या जोडीदाराचा उल्लेख केला, त्यावरून पुढचा प्रश्न सुचतो. विवर पूर्ण आटल्यावर आतले जोडीदार कोठे जातात? बाहेरच्या लहरी मग कोणाशी संबंध ठेवून राहतात?

तांबडफुटी
येथेच माहितीचा प्रसिद्ध पेच सुरू होतो. डॉन पेज यांनी १९९३ मध्ये मांडले की माहिती नष्ट होत नसेल, तर बाहेर जमलेल्या प्रारणाचे आतल्याशी असलेले एन्टँगलमेंट सुरुवातीला वाढेल, पण विवराचे आयुष्य संपण्याच्या बरेच आधी ते घटू लागले पाहिजे. याचा अर्थ उशिरा निघालेल्या लहरींचा संबंध आधी निघून गेलेल्या लहरींशी असायला हवा. पण त्यांचा आतल्या जोडीदाराशी पूर्ण संबंध आधीच जडलेला आहे, आणि पुंजभौतिकीत असा पूर्ण संबंध एका वेळी दोघांशी ठेवता येत नाही. २०१२ मध्ये अल्महेरी, मॅरोल्फ, पोल्चिन्स्की आणि सली यांनी हा विरोध इतका टोकदार केला की जोडी तोडून क्षितिजावर आगीची भिंत मानावी लागते की काय, अशी वेळ आली. तसे झाले तर पोवळे यांच्या मुक्तपणे पडणाऱ्या निरीक्षकाला काहीच विशेष जाणवणार नाही, हे विधान कोसळते. २०१९ पासूनच्या आकडेमोडींत पेज यांचा हा आधी वाढून मग घटणारा वक्र मिळतो. उशिराच्या काळात आतला प्रदेश हा बाहेरच्या प्रारणाचाच भाग म्हणून मोजावा लागतो, असे त्या सुचवतात. प्रत्यक्ष निसर्गात हे कसे घडते, यावर एकमत नाही.

सह्यकडा
सर्वांचे आभार. माझा प्रश्न दोन निम्म्या शक्यतांचा होता आणि त्यातील एक शक्यता मुळात उपलब्धच नाही, एवढे समाधान झाले. तरीही गणितवेडा यांच्या एका वाक्यावर बोट ठेवतो. क्षितिजाबाहेर ऋण ऊर्जेचा टिकाऊ कण असू शकत नाही, असे त्यांनी लिहिले. फिरणाऱ्या विवराच्या बाबतीत पेनरोज यांनी १९६९ मध्ये सुचवलेली ऊर्जा काढण्याची युक्ती नेमकी बाहेरच्याच प्रदेशातील ऋण ऊर्जेवर उभी आहे ना?

गणितवेडा
आक्षेप बिनतोड आहे. माझे विधान न फिरणाऱ्या विवरापुरते आहे. फिरणाऱ्या विवराभोवती क्षितिजाच्या बाहेर अर्गोस्फिअर नावाचा पट्टा असतो, तेथे समरूपतेची ती दिशा बाहेरच अवकाशाची होते आणि ऋण ऊर्जेचे कण तेथेही संभवतात. ते अखेर आतच जातात, पण त्यांची ऋणता क्षितिज ओलांडण्याची वाट पाहत नाही. म्हणूनच फिरणारे विवर उत्सर्जन करील, असे झेल्डोविच यांनी हॉकिंग यांच्या आधीच, १९७१ मध्ये, सुचवले होते, आणि स्टारोबिन्स्की यांनी ते पुढे नेले.

वडाची_पारंबी
त्यात एक गंमत आहे. हॉकिंग १९७३ मध्ये मॉस्कोला गेले असता या दोघांशी त्यांची चर्चा झाली. कल्पना पटली, पण गणिताची रीत आवडली नाही, म्हणून परतल्यावर त्यांनी ते स्वतः करून पाहिले. उत्तर असे आले की न फिरणारे विवरही उत्सर्जन करते. ते पाहून आपण आश्चर्यचकित झालो आणि चिडलोही, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बेकेन्स्टाइन यांना हे कळले तर ते विवरांना एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) असते या आपल्या मताला आधार म्हणून वापरतील, अशी त्यांना धास्ती वाटत होती. आणि तेव्हा ते मत हॉकिंग यांना मुळीच मान्य नव्हते.

काजवा
म्हणजे जामीनदार बेकेन्स्टाइन निघाले.